वाटणी कुणी केली आणि कधी? एका कॅन्सर-औषध कंपनीच्या शेअरची गोष्ट

सेल-साय ही अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातली एक छोटी कंपनी. स्थापना १९८३ ची. चाळीस वर्षं उलटून गेली, तरी तिच्या मुख्य औषधाला अमेरिकेच्या एफडीएची मंजुरी मिळालेली नाही. आणि तरीही तिचे शेअर घेऊन वर्षानुवर्षं बसलेली माणसं आहेत. ही माणसं मूर्ख आहेत असं समजून हा लेख वाचू नका. त्यातल्या बऱ्याच जणांनी ट्रायलचा आराखडा वाचलाय, एक्सेलमध्ये मृत्युदराची गणितं मांडलीत, इम्युनोलॉजीचे पेपर चाळलेत. मेहनत भरपूर आहे. माझा आक्षेप त्या मेहनतीच्या दिशेवर आहे.

आधीच सांगून टाकतो, शेअर घ्या किंवा विका असा सल्ला इथे मिळणार नाही. मला फक्त एवढंच दाखवायचंय की या शेअरभोवतीचा आशावाद दोन मोठ्या युक्तिवादांवर उभा राहिला, एक निकालाआधी आणि एक निकालानंतर. दोन्ही वरवर एकदम वेगळे दिसतात. पण दोन्हींत चूक एकच आहे, ती म्हणजे वाटणीकडे दुर्लक्ष.

औषध काय, ट्रायल काय

औषधाचं नाव मल्टिकाइन. निरोगी रक्तदात्यांच्या पांढऱ्या पेशींपासून मिळवलेलं सायटोकाइन्सचं मिश्रण. सायटोकाइन्स म्हणजे रोगप्रतिकारक पेशी एकमेकींना पाठवतात ते रासायनिक निरोप. हे मिश्रण तोंडाच्या कॅन्सरच्या गाठीभोवती आणि जवळच्या लसिका ग्रंथींपाशी टोचायचं, आठवड्यातून पाच दिवस, तीन आठवडे. आणि हे सगळं ऑपरेशनच्या आधी. कल्पना अशी की ऑपरेशन, रेडिएशन आणि केमोने प्रतिकारशक्ती खिळखिळी होण्याच्या आतच तिला जागं करायचं.

कल्पना वाईट नव्हती, हे मुद्दाम नोंदवतो. जून २०२५ मध्ये एफडीएने डोकं-मान भागाच्या, ऑपरेशन करता येण्याजोग्या कॅन्सरसाठी पेम्ब्रोलिझुमॅब हे औषध ऑपरेशनच्या आधीपासून द्यायला मंजुरी दिली. म्हणजे 'आधी इम्युनोथेरपी, मग ऑपरेशन' हा विचार खरा ठरला, पण दुसऱ्या कंपनीच्या दुसऱ्या औषधासाठी. कल्पना बरोबर असणं आणि तुमच्या बाटलीतलं औषध काम करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गुंतवणूकदार बहुतेक वेळा पहिली विकत घेतो आणि दुसरी मिळाली असं समजतो.

आता ट्रायल. तिसऱ्या टप्प्याची, अनेक देशांत चाललेली, एकूण ९२८ रुग्णांची. भरती २०१६ मध्ये पूर्ण झाली. चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटणी करून रुग्णांचे तीन गट केले. मुख्य तुलना त्यातल्या दोन मोठ्या गटांची. एका गटाला मल्टिकाइन (सोबत थोडी पूरक औषधं) आणि मग नेहमीचे उपचार, दुसऱ्याला फक्त नेहमीचे उपचार. प्रश्न एकच, कोण जास्त जगतं? या दोन गटांत मिळून २९८ मृत्यू झाले की आकडे उघडायचे, असं ठरलेलं.

हो, ट्रायलचं घड्याळ मृत्यूंवर चालत होतं. अशा ट्रायलला 'इव्हेंट-ड्रिव्हन' म्हणतात. पुरेशा घटना घडल्याशिवाय दोन गटांतला फरक संख्याशास्त्राला दिसत नाही, म्हणून तसं करावं लागतं. पद्धतीत गैर काही नाही. पण शेअरधारकासाठी याचा अर्थ असा की तो कॅलेंडरकडे बघत २९८ व्या मृत्यूची वाट बघतोय, आणि ती संख्या गाठायला जेवढा उशीर, तेवढा त्याला आनंद.

पहिला युक्तिवाद: उशीर म्हणजे यश

हा आनंद कुठून आला? तर्क असा होता. जुन्या आकडेवारीप्रमाणे या कॅन्सरचे इतके रुग्ण इतक्या वर्षांत दगावतात. त्या हिशेबाने २९८ चा आकडा केव्हाच यायला हवा होता. आला नाही. म्हणजे माणसं अपेक्षेपेक्षा जास्त जगतायत. म्हणजे औषध चालतंय!

ऐकायला अगदी पटतं. तपासून बघू.

शाळेचं उदाहरण घेऊ. दहावीच्या दोन तुकड्या, मुलं चिठ्ठ्या टाकून वाटलेली. 'अ' तुकडीला खास शिकवणी लावली, 'ब' ला नाही. दोन्ही तुकड्या मिळून ४० मुलं नापास होतील असा जुन्या अनुभवावरून अंदाज होता. शिपाई येऊन सांगतो, "एकूण ३० च नापास झाले." कुठल्या तुकडीत किती, ते त्याला माहीत नाही. शिकवणी फळाला आली असं म्हणाल?

'अ' मध्ये १० आणि 'ब' मध्ये २० असतील तर शिकवणी उत्तम. पण दोन्हीकडे १५-१५ असतील तर? मग पेपर सोपा होता, किंवा या वर्षीची मुलंच हुशार होती. 'अ' मध्ये २० आणि 'ब' मध्ये १० असतील तर शिकवणीने नुकसान केलं. या तिन्ही शक्यतांत बेरीज ३० च येते. बेरजेवरून वाटणी कळत नाही, शाळेत जशी नाही तशी ट्रायलमध्येही नाही.

आणि बेरीज कमी येण्याची साधी कारणं कितीतरी असतात. जुनी आकडेवारी जुन्या काळातली असते, दरम्यान ऑपरेशन आणि रेडिएशन सुधारलेलं असतं. ट्रायलमध्ये घेतलेले रुग्ण निवडून घेतलेले असतात, ते सरसकट रुग्णांपेक्षा धडधाकट असतात. भरती रेंगाळली की रुग्णांवर लक्ष ठेवण्याचा काळही पुढे सरकतो. काही जण तपासणीला येणं बंद करतात, आणि ते गेले की आहेत हे कळतच नाही. यातल्या एकाही कारणाला मल्टिकाइनची गरज नाही.

असं असताना दुसऱ्या गोष्टींचंही याच चालीवर वाचन झालं. स्वतंत्र देखरेख समितीने "ट्रायल चालू ठेवा" म्हटलं, की बातमी चांगली. खरं तर अशा समितीचं मुख्य काम रुग्णांना इजा तर होत नाही ना हे बघणं. "चालू ठेवा" चा अर्थ "थांबवण्यासारखं काही दिसलं नाही" एवढाच. कंपनीने बाल्टिमोरजवळचा कारखाना वाढवायला घेतला, की लोक म्हणणार, औषध चालत नसतं तर एवढा खर्च केला असता का? पण दोन गटांचे मृत्यू वेगवेगळे करून कंपनीलाही दिसत नव्हते. ज्याला उत्तर माहीत नाही त्याच्या आत्मविश्वासावरून उत्तर काढता येत नाही.

मे २०२० मध्ये २९८ चा आकडा गाठल्याचं जाहीर झालं. निकाल आला २८ जून २०२१ ला, वर्षाहून जास्त काळाने. तोपर्यंत शेअर वीस डॉलरच्या वर होता. औषधाने माणसं जास्त जगतात की नाही याबद्दल या ट्रायलमधली एकही नवी माहिती बाहेर आलेली नसताना. त्या भावात नुसती वाट बघणं साठलं होतं.

या टप्प्यावर शांतपणे विचारायचा प्रश्न होता तो मूळ दराचा. २०११ ते २०२० या दशकात कॅन्सरच्या औषधांपैकी माणसांवरच्या पहिल्या टप्प्यातून मंजुरीपर्यंत पोचलेली साधारण ५ टक्के. तिसऱ्या टप्प्यात आलेल्यांपैकीही निम्म्याहून थोडी कमीच पुढे सरकतात. वाटणी माहीत नसताना तुमच्याकडे खरी माहिती म्हणाल तर एवढीच. बाकी सगळी सजावट.

निकाल

सगळे रुग्ण धरून केलेल्या मुख्य तुलनेत ट्रायल अपयशी ठरली. जगण्यात दहा टक्क्यांची भर दाखवण्याचं लक्ष्य होतं, ते गाठलं गेलं नाही. शेअर त्याच दिवशी जोरात कोसळला.

पण त्याच निवेदनात कंपनीने आणखी एक आकडा दिला. ऑपरेशननंतर ज्यांना केमोची गरज नव्हती, फक्त रेडिएशन पुरेसं होतं, अशा रुग्णांत पाच वर्षांनी मल्टिकाइन गटातले ६२.७ टक्के जिवंत होते आणि दुसऱ्या गटातले ४८.६ टक्के. फरक १४.१ टक्क्यांचा. आशावाद एका रात्रीत इथे राहायला आला.

दुसरा युक्तिवाद: खरं उत्तर उपगटात आहे

समर्थक म्हणतात की हा उपगट नंतर शोधलेला नाही, आराखड्यात आधीपासून होता. केमोने प्रतिकारशक्ती मारली जाते, म्हणून केमो न झालेल्यांतच औषधाचा परिणाम दिसणार, हे जीवशास्त्राला धरून आहे. आणि १४ टक्के म्हणजे काही थोडे नाहीत.

त्यांच्या बाजूने एक गोष्ट मान्य करू. एकूण ट्रायल नापास होणं आणि एका गटात खरा फायदा असणं हे एकाच वेळी शक्य आहे. केमो न लागलेले रुग्ण साधारण चाळीस टक्के होते. त्यांना १४ टक्क्यांचा फायदा आणि उरलेल्यांना शून्य, असं धरलं तर एकूणात पाच-सहा टक्क्यांचा फरक दिसेल. दहाच्या लक्ष्याला तो पुरत नाही. म्हणजे गणित त्यांना अगदीच खोटं पाडत नाही.

पण प्रश्न वाटणीचा आहे, आणि तो इथे जास्त टोकदार आहे. केमो लागणार की नाही, हे कधी ठरतं? ऑपरेशन झाल्यावर. काढलेली गाठ पॅथॉलॉजिस्ट बघतो, कडेला कॅन्सर उरलाय का, ग्रंथीचं आवरण फोडून तो बाहेर आलाय का, हे तपासतो, त्यावरून. आणि मल्टिकाइन कधी दिलं? ऑपरेशनच्या आधी.

परत शाळेत चला. शिकवणी झाली, मग सराव परीक्षा झाली. सराव परीक्षेत कच्ची निघालेली मुलं जादा तासांना पाठवली. आता कुणी म्हणालं, "जादा तासांना न गेलेली मुलंच बघा. त्यात 'अ' तुकडीचा निकाल 'ब' पेक्षा सरस आहे, शिकवणी यशस्वी!" पण जादा तासांना कोण गेलं हे सराव परीक्षेने ठरवलं, आणि सराव परीक्षेवर शिकवणीचा परिणाम झालेला असू शकतो. म्हणजे 'अ' मधली 'न गेलेली' मुलं आणि 'ब' मधली 'न गेलेली' मुलं एकाच प्रकारची आहेत याची हमी संपली. सुरुवातीला चिठ्ठ्या टाकून जो समतोल मिळवला होता, तो आपणच मोडला.

यात गंमत अशी की काही रुग्णांत ऑपरेशनच्या आधीच गाठ आक्रसली, असं कंपनीच स्वतः सांगते. औषधाच्या बाजूने तो चांगला मुद्दा आहे. पण तो जितका खरा, तितकी ही उपगटाची तुलना कमकुवत होते, कारण मग 'केमो न लागणारे' हा गट घडवण्यात औषधाचाच हात होता. शिवाय ही ट्रायल 'ओपन-लेबल' होती, कुणाला मल्टिकाइन मिळालंय हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांना माहीत होतं. डॉक्टरांनी पक्षपात केला असं मी म्हणत नाहीये. पण निर्णय घेणाऱ्याला गट माहीत असेल, तर निर्णयावरून केलेली वाटणी निखळ राहत नाही. यातून चूक औषधाच्या बाजूने झाली की विरुद्ध, हेही सांगता येत नाही. ती किती मोठी आहे ते मोजायची सोय उरत नाही, अडचण तीच.

'उपगट आधीपासून ठरलेला होता' याने ही अडचण सुटत नाही. चुकीच्या जागी कापायचं आधीपासून ठरवलं, म्हणून जागा बरोबर होत नाही.

आणि खुद्द कंपनीच्या पुढच्या पावलातून हे दिसतं. नंतर तिने लक्ष्य बदललं. आता रुग्ण असे, ज्यांच्या मानेतल्या ग्रंथींपर्यंत कॅन्सर पोचलेला नाही आणि ज्यांच्या गाठीत पीडी-एल१ हे प्रथिन कमी आहे. या दोन्ही गोष्टी उपचारांच्या आधी तपासता येतात. म्हणजे वेळेची चूक दुरुस्त झाली, आणि याचं श्रेय द्यायलाच हवं. या गटात पाच वर्षांनी जिवंत राहिलेले ७३ टक्के विरुद्ध ४५ टक्के, असा आकडा कंपनी देते. डोळे दिपवणारा आहे. पण हा नेमका संच जुना डेटा हाती आल्यानंतर निवडलेला आहे. भिंतीवर आधी बाण मारायचे, मग जिथे जास्त बाण दिसतील तिथे वर्तुळ काढायचं, यातलाच हा प्रकार. वर्तुळ खरंही निघेल कदाचित. ते बघायला पुन्हा बाण मारावे लागतात. म्हणूनच २१२ रुग्णांच्या नव्या ट्रायलचा आराखडा पुढे आला. २०२४ मध्ये एफडीएने त्याला संमती दिली. 'मंजुरीच्या उंबरठ्यावर' असं समर्थक म्हणतात, त्याचा सरळ मराठीत अर्थ 'परत सुरुवातीपासून' असा आहे.

भावनेची किंमत

तुम्ही म्हणाल, लोकांनी आशा धरली तर तुझं काय जातं? सांगतो.

अशा कंपनीकडे विकायला औषध नसतं. पगार, कारखाना, ट्रायल, सगळा पैसा येतो नवे शेअर विकून. म्हणजे गुंतवणूकदारांची आशा हेच तिचं इंधन. आशा टिकली तर नवे शेअर खपतात आणि जुन्या प्रत्येक शेअरचा हिस्सा आणखी बारीक होतो. भाव फार पडला की रिव्हर्स स्प्लिट, म्हणजे अनेक शेअर एकत्र करून एक करायचा, कागदावर भाव वर दिसतो. सेल-सायने हे २०१३ मध्ये १० ला १, २०१७ मध्ये २५ ला १ आणि २०२५ मध्ये ३० ला १ असं केलं. गुणाकार करा: १० × २५ × ३० = ७,५००. २०१३ च्या आधी ज्याच्याकडे साडेसात हजार शेअर होते, त्याच्याकडे आज एक आहे. तो भाबडा नव्हता, वाचत होता, हिशेब करत होता. फक्त ज्या डेटाला वाटणी नाही त्यातून तो उत्तर काढत होता. आज पुण्या-मुंबईत बसून मोबाइलवर अमेरिकन शेअर घेता येतात, तेव्हा ही गोष्ट तितकीशी लांबची राहिलेली नाही.

दुसरी किंमत पैशात मोजता येत नाही. मुद्दा तोंडाच्या कॅन्सरचा आहे, आणि जगातले तोंडाच्या कॅन्सरचे साधारण एक तृतीयांश रुग्ण भारतात आहेत. तंबाखू, गुटखा, मिश्री आपल्याला नवीन नाही. या रोगाच्या माणसाला कुणी '१४ टक्के फायदा' असं सांगितलं तर तो शेअरचा भाव बघणार नाही, तो जमीन विकायचा विचार करेल. म्हणून त्या १४ टक्क्यांच्या मागे वाटणी धड आहे का, हा किचकट संख्याशास्त्रीय प्रश्न राहत नाही.

आणि धड वाटणी केली की काय मिळतं, याचं उदाहरण याच रोगाचं आहे आणि मुंबईचं आहे. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी एक साधा प्रश्न घेतला. तोंडाचा कॅन्सर सुरुवातीच्या टप्प्यात आहे, मानेतल्या ग्रंथी वरून ठीक वाटतायत. त्या पहिल्याच ऑपरेशनमध्ये काढाव्यात, की थांबून, कॅन्सर तिथे उद्भवला तरच काढाव्यात? रुग्णांची चिठ्ठ्यांनी वाटणी केली, गट मोडले नाहीत. २०१५ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये निकाल आला. तीन वर्षांनी जिवंत, आधीच ग्रंथी काढलेले ८० टक्के, थांबलेले ६७.५ टक्के. साडेबारा टक्क्यांचा फरक, कुठलाही उपगट न निवडता. यात नवं औषध नव्हतं, पेटंट नव्हतं, शेअर नव्हता. त्यामुळे त्यावर कुणी रात्र जागून एक्सेल मांडलं नाही. पण जगभरच्या ऑपरेशन थिएटरमधल्या चर्चेत तो आकडा आला.

मल्टिकाइन कधीच चालणार नाही, असं मी म्हणत नाहीये. नवी ट्रायल पूर्ण झाली आणि ७३-४५ च्या जवळपासचं काही पुन्हा दिसलं, तर आनंदच आहे. ९२८ माणसांनी आपल्या आयुष्यातल्या सगळ्यात वाईट दिवसांत त्या पहिल्या ट्रायलला होकार दिला होता. त्यांचं देणं असं की त्यांच्या डेटातून जेवढं निघतं तेवढंच काढावं.

पुढच्या वेळी कुठल्याही औषध कंपनीबद्दल, अमेरिकेतल्या किंवा हैदराबादच्या, कुणी तुम्हाला उत्साहाने आकडा सांगितला, तर दोनच प्रश्न विचारा. हे दोन गट कुणी पाडले, चिठ्ठीने की कुणाच्या निर्णयाने? आणि कधी पाडले, औषधाच्या आधी की नंतर? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'नंतर' असेल, तर आकडा कितीही मोठा असू द्या, खिशातला हात खिशातच ठेवा आणि पुढच्या ट्रायलची वाट बघा.